हाँगकाँगमधील हस्तांतरणपूर्व घटनात्मक सुधारणा

हाँगकाँगमधील हस्तांतरणपूर्व घटनात्मक सुधारणा ही संज्ञा १९८४ ते १९९७ या काळात ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगच्या विधिमंडळात, स्थानिक संस्थांमध्ये व नागरी हक्कविषयक कायद्यांत झालेल्या बदलांसाठी वापरली जाते. १ जुलै १९९७ रोजी या प्रदेशाचे सार्वभौमत्व युनायटेड किंग्डमकडून चीनच्या जनता प्रजासत्ताकाकडे गेले. त्याआधी जवळजवळ दीड शतक येथे निवडून दिलेले विधिमंडळ नव्हते; अखेरच्या तेरा वर्षांत मात्र ते टप्प्याटप्प्याने उभे करण्यात आले. अशा विधिमंडळाची रचना हस्तांतरणानंतर टिकणार की नाही, आणि ती ठरवण्याचा अधिकार लंडनला, बीजिंगला की खुद्द हाँगकाँगच्या रहिवाशांना, हा या संपूर्ण कालखंडातील वादाचा गाभा होता.

पार्श्वभूमी

हाँगकाँगचा प्रदेश ब्रिटनकडे तीन टप्प्यांत आला. हाँगकाँग बेट १८४२ च्या नानकिंगच्या तहाने व कौलून द्वीपकल्पाचे टोक १८६० च्या पेकिंग कराराने कायमचे देण्यात आले. न्यू टेरिटरीज हा विस्तीर्ण भाग मात्र १ जुलै १८९८ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला. एकूण भूभागापैकी नऊ-दशांशाहून अधिक क्षेत्र या भाडेपट्ट्यात मोडत असल्याने तो संपल्यावर उरलेली वसाहत स्वतंत्रपणे चालवणे व्यवहारात अशक्य होते. पाणी, वीज, विमानतळ, लोकवस्ती या सर्वच बाबतींत दोन्ही भाग एकमेकांत गुंतले होते.

राज्यकारभार राजपत्रे व राजाज्ञा या दोन संक्षिप्त दस्तऐवजांच्या आधारे चाले. राजाने नेमलेला गव्हर्नर हा सर्वसत्ताधीश असे. त्याला सल्ला देण्यासाठी कार्यकारी परिषद व कायदे करण्यासाठी विधान परिषद असे. विधान परिषदेची स्थापना १८४३ मध्ये झाली, तथापि तिचे सर्व सदस्य सरकारी अधिकारी किंवा गव्हर्नरने नेमलेले प्रतिष्ठित व्यापारी व व्यावसायिक असत, आणि अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर बसत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने अनेक वसाहतींना स्वशासन दिले. हाँगकाँगसाठीही गव्हर्नर मार्क यंग यांनी १९४६ मध्ये निर्वाचित नगरपरिषदेची योजना मांडली होती. पुढे चीनमध्ये साम्यवादी पक्ष सत्तेवर आला, कोरियात युद्ध पेटले, वसाहतीतील धनिक वर्गानेही उत्साह दाखवला नाही, आणि यंग यांचे उत्तराधिकारी अलेक्झांडर ग्रँथम यांच्या कारकिर्दीत, १९५२ साली, योजना गुंडाळण्यात आली. स्वशासन म्हणजे स्वातंत्र्याची पहिली पायरी, आणि हाँगकाँगच्या बाबतीत स्वातंत्र्याचा पर्याय बीजिंगला कदापि मान्य नव्हता. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळताच चीनने हाँगकाँग व मकाव ही दोन्ही नावे वसाहतींच्या अधिकृत यादीतून वगळण्याची मागणी केली आणि १९७२ मध्ये ती मान्य झाली. यादीतील प्रदेशांना स्वयंनिर्णयाचा हक्क मिळत असे; यादीतून नाव गेल्यावर हाँगकाँगच्या रहिवाशांना तो आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मागता येईना. या घटनेची त्या वेळी फारशी चर्चा झाली नाही, हे आज आश्चर्याचे वाटते.

१९९७ चा प्रश्न

प्रश्नाला तोंड फुटले ते राजकीय तत्त्वामुळे नव्हे, तर जमिनीच्या पट्ट्यांमुळे. न्यू टेरिटरीजमधील जमिनीचे सरकारी पट्टे मूळ भाडेपट्टा संपण्याच्या तीन दिवस आधी, म्हणजे २७ जून १९९७ रोजी, संपत होते. घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या बँकांना १९८० च्या दशकाच्या आरंभीच या तारखेचा विचार करावा लागणार होता. गव्हर्नर मरे मॅक्लिहोज यांनी मार्च १९७९ मध्ये बीजिंग येथे डेंग झियाओपिंग यांच्यापुढे हा विषय काढला. गुंतवणूकदारांनी निश्चिंत राहावे, असा निरोप घेऊन ते परतले. पट्ट्यांची मुदत वाढवण्याची सूचना मात्र स्वीकारली गेली नाही.

सप्टेंबर १९८२ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी बीजिंगला भेट दिली. सार्वभौमत्व देऊन प्रशासन ब्रिटनकडे ठेवावे हा त्यांचा आग्रह डेंग यांनी फेटाळला. दोन वर्षांच्या वाटाघाटींनंतर १९ डिसेंबर १९८४ रोजी थॅचर व चीनचे पंतप्रधान झाओ झियांग यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. ‘एक देश, दोन व्यवस्था’ या सूत्रानुसार हाँगकाँग हा विशेष प्रशासकीय प्रदेश होईल आणि तेथील भांडवलशाही व्यवस्था व जीवनपद्धती ५० वर्षे बदलणार नाही, असे त्यात ठरले. हाँगकाँगच्या रहिवाशांचा स्वतंत्र पक्ष म्हणून या वाटाघाटींत समावेश नव्हता.

घोषणापत्राच्या परिशिष्टात विधिमंडळ ‘निवडणुकीद्वारे’ स्थापन होईल आणि कार्यकारी यंत्रणा विधिमंडळाला उत्तरदायी राहील, असा उल्लेख होता. निवडणूक म्हणजे कोणती, मतदार कोण, जागा किती, याविषयी एक शब्दही नव्हता. पुढील तेरा वर्षांचा संघर्ष बव्हंशी या एका शब्दाच्या अर्थाभोवती फिरत राहिला.

पहिला टप्पा : १९८४–१९८८

स्थानिक पातळीवर निवडणुकांचा प्रारंभ १९८२ मध्ये जिल्हा मंडळांपासून झाला होता. ही मंडळे सल्लागार स्वरूपाची होती. जुलै १९८४ मध्ये, म्हणजे वाटाघाटी अद्याप चालू असतानाच, हाँगकाँग सरकारने प्रातिनिधिक शासनाच्या विकासासंबंधी हरितपत्रिका प्रसिद्ध केली आणि नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका आली. तीनुसार सप्टेंबर १९८५ मध्ये विधान परिषदेच्या २४ जागांसाठी प्रथमच निवडणूक झाली. मात्र ही निवडणूक अप्रत्यक्ष होती. १२ जागा जिल्हा मंडळे व नागरी परिषदांच्या सदस्यांनी बनलेल्या निर्वाचक गणातून आणि १२ जागा व्यवसायनिहाय मतदारसंघांतून भरण्यात आल्या.

व्यवसायनिहाय मतदारसंघ ही हाँगकाँगच्या राज्यव्यवस्थेतील लक्षणीय गोष्ट होय. वाणिज्य, उद्योग, बँकिंग, कायदा, वैद्यक, शिक्षण, कामगार संघटना अशा क्षेत्रांना प्रत्येकी ठरावीक जागा देण्यात आल्या. महाराष्ट्र विधान परिषदेतील शिक्षक व पदवीधर मतदारसंघ परिचित असलेल्या वाचकाला ही कल्पना अनोळखी वाटणार नाही. भेद इतकाच की महाराष्ट्रात अशा जागा वरिष्ठ सभागृहातील मोजक्या आहेत, तर हाँगकाँगच्या एकमेव सभागृहात पुढे त्यांचे प्रमाण निम्म्यापर्यंत गेले. शिवाय काही मतदारसंघांत मत व्यक्तीला नसून कंपनीला असे, त्यामुळे एका जागेचे मतदार काही शेकड्यांपलीकडे जात नसत.

थेट निवडणूक केव्हा, हा प्रश्न १९८७ च्या हरितपत्रिकेने लोकांपुढे ठेवला. सरकारने स्थापन केलेल्या सर्वेक्षण कार्यालयाकडे सुमारे १ लाख ३० हजार निवेदने आली. १९८८ मध्ये थेट निवडणूक घेण्यास विरोध करणारी, छापील नमुन्यावर भरलेली पत्रे स्वतंत्र निवेदने म्हणून मोजण्यात आली. बाजूने असलेल्या सह्यांच्या मोहिमेतील दोन लाखांहून अधिक सह्या मात्र निवेदनांच्या गणनेत धरल्या गेल्या नाहीत. साहजिकच निष्कर्ष विरोधाचा निघाला. १९८८ च्या श्वेतपत्रिकेने थेट निवडणूक १९९१ वर ढकलली. चीनचा मूलभूत कायदा तयार होण्यापूर्वी सुधारणा पुढे नेऊ नये, असा बीजिंगचा आग्रह होता आणि लंडनने तो मानला, असा आरोप लोकशाहीवादी गटांनी केला. मोजणीची ही पद्धत पाहता आरोपात तथ्य होते असेच म्हणावे लागते.

मूलभूत कायदा आणि १९८९ ची घटना

भावी प्रदेशाची घटना म्हणून मूलभूत कायद्याचा मसुदा करण्यासाठी चीनने १९८५ मध्ये ५९ सदस्यांची समिती नेमली. त्यांपैकी ३६ मुख्य भूमीतील व २३ हाँगकाँगमधील होते. हाँगकाँगच्या सदस्यांत बहुसंख्य उद्योगपती व व्यावसायिक असले, तरी वकील मार्टिन ली आणि शिक्षक संघटनेचे नेते सेतो वाह हे दोन लोकशाहीवादीही होते. राजकीय व्यवस्थेसंबंधीच्या उपसमितीची धुरा ज्यांच्याकडे होती त्यांत ‘मिंग पाओ’ या वृत्तपत्राचे संस्थापक लुई चा होते. चिनी वाचकांना ते जिन योंग या नावाने, तलवारबाज वीरांच्या कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक म्हणून अधिक परिचित. १९८८ मध्ये त्यांनी मांडलेला ‘मुख्य प्रवाहाचा’ आराखडा थेट निवडणुकांची गती अतिशय मंद ठेवणारा होता आणि त्यावर विद्यार्थ्यांनी तीव्र निषेध नोंदवला.

मे १९८९ मध्ये बीजिंगमध्ये लष्करी कायदा पुकारला गेल्यावर लुई चा यांनी समितीचा राजीनामा दिला. ४ जून रोजी तिआनमेन चौक परिसरातील आंदोलन लष्कराने चिरडले. हाँगकाँगमध्ये त्या सुमारास निघालेल्या मोर्चांत सुमारे दहा लाख लोक सहभागी झाल्याचे सांगितले जाते. त्या वेळची लोकसंख्या साठ लाखांच्या आत होती. ज्या राजवटीकडे आठ वर्षांनी आपण जाणार तिचे हे रूप पाहून सामान्य, एरवी राजकारणापासून दूर राहणारा नागरिकही हादरला. परदेशी स्थलांतर वाढले. ली व सेतो मसुदा समितीतून बाहेर पडले.

एरवी सावध असणाऱ्या विधान व कार्यकारी परिषदांच्या बिगरसरकारी सदस्यांनीही त्या सुमारास एकमताने अशी मागणी केली, की १९९७ पर्यंत निम्म्या व २००३ पर्यंत सर्व जागा थेट निवडणुकीने भराव्यात. ब्रिटनने मात्र चीनशी जुळवून घेण्याचा मार्ग धरला. १९९० च्या आरंभी परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड व चियान चिचेन यांच्यात गोपनीय पत्रव्यवहार होऊन थेट जागांची संख्या १९९१ साठी १८ व पुढील निवडणुकीसाठी २० अशी ठरली. ही पत्रे १९९२ मध्ये उघड झाली. आपल्या मताधिकाराचा सौदा दोन मंत्र्यांच्या पत्रांत झाला होता, हे मतदारांना त्यानंतर कळले.

४ एप्रिल १९९० रोजी चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने मूलभूत कायदा संमत केला. त्याच दिवशीच्या वेगळ्या निर्णयानुसार पहिल्या विधिमंडळात ६० जागा असणार होत्या : २० थेट निवडणुकीच्या, ३० व्यवसायनिहाय व १० निवडणूक समितीच्या. वसाहतीचे शेवटचे विधिमंडळ या रचनेशी सुसंगत असल्यास त्याचे सदस्य, मूलभूत कायद्याचे समर्थन करणारे असतील तर, पूर्वतयारी समितीच्या मान्यतेने १९९७ नंतरही पदावर राहू शकत होते. या तरतुदीला ‘थेट गाडी’ असे नाव पडले : १९९५ मध्ये बसलेल्या प्रवाशाने सीमेवर न उतरता १९९९ पर्यंत प्रवास करायचा.

१९९१ मध्ये नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातील तरतुदी अंतर्भूत करणारा हक्कांच्या सनदेचा कायदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिली थेट निवडणूक झाली. १८ पैकी १२ जागा मार्टिन ली यांच्या ‘युनायटेड डेमोक्रॅट्स’ पक्षाने जिंकल्या. बीजिंगला अनुकूल एकही उमेदवार थेट मतदारसंघांतून निवडून आला नाही.

पॅटन योजना

जुलै १९९२ मध्ये ख्रिस पॅटन अखेरचे गव्हर्नर म्हणून आले. त्यांच्या आधीचे गव्हर्नर डेव्हिड विल्सन हे चिनी भाषा जाणणारे मुत्सद्दी होते. पॅटन हे राजकारणी. ब्रिटनच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला विजय मिळवून देताना स्वतःची जागा गमावलेले. पिसांची पारंपरिक टोपी व गणवेश त्यांनी नाकारला, ते बाजारपेठांतून पायी फिरू लागले. ७ ऑक्टोबर १९९२ च्या धोरणविषयक भाषणात त्यांनी सुधारणांची योजना मांडली.

थेट जागांचा २० हा आकडा त्यांनी बदलला नाही, कारण तसे करणे उघडपणे कराराच्या विरुद्ध गेले असते. त्यांनी मूलभूत कायद्यात ज्या गोष्टींची व्याख्या नव्हती त्याच नेमक्या हेरल्या. व्यवसायनिहाय जागा ३० पर्यंत नेण्यासाठी जे ९ नवे मतदारसंघ आवश्यक होते, त्यांत हाँगकाँगमधील संपूर्ण नोकरदार वर्ग, म्हणजे सुमारे २७ लाख लोक, मतदार म्हणून समाविष्ट करण्याचे त्यांनी सुचवले. अशा तऱ्हेने नावाने व्यवसायनिहाय असलेल्या या जागा आशयाने जवळजवळ सार्वत्रिक मतदानाच्या झाल्या. जुन्या मतदारसंघांत कंपन्यांच्या मताऐवजी व्यक्तींचे मत आणायचे होते. १० जागांची निवडणूक समिती जिल्हा मंडळांच्या निर्वाचित सदस्यांतून बनवायची होती. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणे, एक मतदारसंघ एक प्रतिनिधी ही पद्धत, तसेच जिल्हा मंडळांतील नियुक्त सदस्यांची पदे रद्द करणे, या अन्य सूचना होत्या. कार्यकारी व विधान परिषदांचे सदस्यत्व वेगळे करण्यात आले आणि फेब्रुवारी १९९३ पासून विधान परिषदेच्या अध्यक्षपदी गव्हर्नरऐवजी सदस्यांपैकी एक जण आला.

चीनची प्रतिक्रिया प्रखर होती. योजना संयुक्त घोषणापत्र, मूलभूत कायदा व आधीच्या समजुती या तिन्हींचा भंग करते, असे बीजिंगने जाहीर केले. हाँगकाँग व मकाव व्यवहार कार्यालयाचे प्रमुख लू पिंग यांनी पॅटन यांना ‘हजार वर्षांचा पापी’ म्हटले. नोव्हेंबर १९९२ च्या अखेरीस, आपल्या संमतीविना केलेले व १९९७ नंतर चालू राहणारे सरकारी करार आपण मानणार नाही, असा इशारा चीनने देताच शेअर बाजार कोसळला. टीका केवळ बीजिंगकडूनच झाली नाही. १९८४ च्या वाटाघाटींतील प्रमुख ब्रिटिश मुत्सद्दी पर्सी क्रॅडॉक यांनी, जे टिकणार नाही ते उभारून हाँगकाँगचे नुकसानच होईल, असा युक्तिवाद सातत्याने केला. पॅटन यांच्या समर्थकांचे म्हणणे असे, की एकदा मत देण्याची सवय लागलेल्या समाजाकडून ती काढून घेणे कोणत्याही सरकारला जड जाईल. दोन्ही युक्तिवादांत बळ आहे. मात्र दीड शतक निवडणूक न घेणाऱ्या सत्तेला पाच वर्षे उरली असता लोकशाहीची आठवण झाली, हा चीनचा टोला खोडून काढणे कोणालाच सोपे गेले नाही.

एप्रिल ते नोव्हेंबर १९९३ या काळात उभय देशांत चर्चेच्या १७ फेऱ्या झाल्या आणि फिसकटल्या. मतदानाचे वय इत्यादी कमी वादाच्या बाबींचे विधेयक फेब्रुवारी १९९४ मध्ये संमत झाले. मुख्य विधेयकावरील चर्चा २९ जून १९९४ रोजी सुरू होऊन मध्यरात्र उलटून गेली. उद्योगजगताच्या लिबरल पक्षाने मांडलेली योजना सौम्य करणारी दुरुस्ती २९ विरुद्ध २८, म्हणजे अवघ्या एका मताने, फेटाळली गेली. मूळ विधेयक ३२ विरुद्ध २४ मतांनी संमत झाले. सर्वच्या सर्व ६० जागा थेट निवडणुकीने भरण्याचे एमिली लाऊ यांचे खासगी विधेयकही एकाच मताने पडले. पॅटन योजना पुरेशी नाही असे मानणारेही सभागृहात होते, याची ती नोंद होय. याच सुमाराला चीनने ‘थेट गाडी’ रुळावरून उतरवली. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीने ठराव केला, की विधान परिषद, नागरी परिषदा व जिल्हा मंडळे यांची मुदत ३० जून १९९७ रोजी संपेल.

१९९५ ची निवडणूक व हंगामी विधिमंडळ

१७ सप्टेंबर १९९५ रोजी विधान परिषदेच्या सर्व ६० जागा प्रथमच निवडणुकीने भरल्या गेल्या. थेट मतदारसंघांत सुमारे ९ लाख २० हजार मतदारांनी मतदान केले. आधीच्या युनायटेड डेमोक्रॅट्समधून आकाराला आलेला डेमोक्रॅटिक पक्ष १९ जागांसह सर्वांत मोठा ठरला. दोन वर्षांनी आपण विसर्जित होणार हे माहीत असलेले हे सभागृह होते.

चीनने जानेवारी १९९६ मध्ये १५० सदस्यांची पूर्वतयारी समिती स्थापन केली. मार्चमध्ये हंगामी विधिमंडळ नेमण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधी मत दिले ते फक्त फ्रेडरिक फंग यांनी. ४०० सदस्यांच्या निवड समितीने ११ डिसेंबर रोजी जहाजउद्योगातील तुंग ची-ह्वा यांची ३२० मतांनी मुख्य कार्यकारी म्हणून, आणि २१ डिसेंबर रोजी हंगामी विधिमंडळाच्या ६० सदस्यांची निवड केली. त्यांपैकी ३३ जण विद्यमान विधान परिषदेचेच सदस्य होते. डेमोक्रॅटिक पक्षाने बहिष्कार टाकला. त्यानंतर सहा महिने या प्रदेशाची दोन विधिमंडळे होती : एक हाँगकाँगमध्ये निवडून आलेले, दुसरे सीमेपलीकडे शेनझेन शहरात बैठका घेणारे. हाँगकाँगच्या भूमीवर बैठक घेतल्यास तिची वैधता न्यायालयात आव्हानली जाईल, म्हणून ही व्यवस्था होती.

फेब्रुवारी १९९७ मध्ये बीजिंगने हक्कांच्या सनदेच्या कायद्यातील काही कलमे, तसेच सभा-मोर्चे व संघटना यांविषयीच्या कायद्यांतील उदार दुरुस्त्या पुढे लागू राहणार नाहीत, असे ठरवले.

नागरिकत्वाचा प्रश्न

घटनात्मक फेरबदलांत एका लहान समूहाची स्थिती विशेष अवघड झाली. हाँगकाँगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले सिंधी, पारशी, शीख व अन्य भारतीय वंशाचे लोक चिनी वंशाचे नसल्याने चीनचे नागरिक ठरत नव्हते. अनेकांकडे भारतीय नागरिकत्वही उरले नव्हते. आणि त्यांच्याजवळ असलेल्या ब्रिटिश पारपत्राने ब्रिटनमध्ये वास्तव्याचा हक्क मिळत नव्हता. हस्तांतरणानंतर ही माणसे नावापुरती ब्रिटिश व व्यवहारात कोणत्याच देशाची राहिली नसती. दीर्घ पाठपुराव्यानंतर १९९७ च्या प्रारंभी ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदा करून अशा रहिवाशांना पूर्ण नागरिकत्वासाठी नोंदणीची संधी दिली.

मकावशी तुलना

शेजारचे मकाव १८४४ पर्यंत प्रशासकीयदृष्ट्या गोव्याच्या अखत्यारीत होते. तेथे पोर्तुगालने १९७६ मध्येच अंशतः निर्वाचित विधानसभा निर्माण केली आणि पुढे चीनशी संघर्ष टाळला. परिणामी १९९६ मध्ये निवडून आलेले सदस्य डिसेंबर १९९९ च्या हस्तांतरणानंतरही पदावर राहिले. हाँगकाँगला न मिळालेली ‘थेट गाडी’ मकावला मिळाली. तथापि तिच्यात थेट निवडून आलेल्यांचा वाटा मुळातच लहान होता.

हस्तांतरणानंतर

३० जून १९९७ च्या मध्यरात्रीनंतर लगेचच हंगामी विधिमंडळाने पुनर्एकीकरणाचा कायदा संमत करून आधीचे कायदे व न्यायालयीन कामकाज चालू ठेवण्याची तरतूद केली. या विधिमंडळाच्या वैधतेला दिलेले आव्हान अपील न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळले.

नव्या प्रदेशाच्या पहिल्या विधिमंडळाची निवडणूक २४ मे १९९८ रोजी झाली. पॅटन यांनी रुंद केलेले ९ मतदारसंघ पुन्हा अरुंद करण्यात आले, कंपन्यांचे मत परत आले, आणि १९९५ मध्ये दहा लाखांहून अधिक असलेली व्यवसायनिहाय मतदारांची नोंदणी सुमारे १ लाख ४० हजारांवर आली. थेट जागांसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत लागू झाली. मतदानाच्या दिवशी मुसळधार पाऊस होता. तरीही थेट मतदारसंघांत ५३ टक्के मतदान झाले. १९९५ मध्ये हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते.